शिंपल्यांचं आळं

तोताराम पाटलाचा हात आधी चालायचा आणि डोकं मागून धापा टाकत यायचं. एदलाबादच्या आसपासच्या गावांत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. पंगतीत मठ्ठा उशिरा आला म्हणून त्याने वाढप्याचे दात पाडले होते. एका गुराख्याची म्हैस बागेत शिरली, तर म्हशीला सोडून गुराख्यालाच विहिरीत लोटलं होतं. बरं, अंगानेही माणूस असा काही आडदांड नव्हता. मध्यम उंचीचा, बारीक मिशीचा, पान खाऊन गप्प बसणारा. लोक फसायचे ते तिथेच.

केळीच्या बागेत मात्र हाच माणूस देवघरात शिरावं तसा शिरे. केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात, म्हणजे कोवळे कोंब. ती सगळी वाढू दिली तर आईचा रस ओढून घेतात आणि घड बारीक पडतो. म्हणून चांगला बागाईतदार ती कापत राहतो आणि पुढच्या पिकापुरतं एकच राखतो. तोतारामची नजर या कामात इतकी बसली होती, की दुसऱ्याच्या बागेवरून जातानाही एखादं माजलेलं पील दिसलं तर तो कुंपण ओलांडून आत जाई आणि कापून येई. मालकाने हटकलं तर वर त्यालाच शिव्या घाली.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात त्याने सख्ख्या भावाचा हात मोडला. विहीर दोघांची सामाईक, मोटेचं पाणी पाळीपाळीने. त्या दिवशी धाकट्या भाईदासने पाळी नसताना पाणी आपल्या सरीत वळवलं. तोतारामने विचारलं नाही, सांगितलं नाही, फावडं उचललं आणि दांड्याकडून त्याच्या कोपरावर घातलं. एकदा घातलं, ते ठीक म्हणता आलं असतं. भाईदास चिखलात पडून ओरडत असताना दुसऱ्यांदा घातलं, त्याला काही म्हणता येत नाही. वैदूने हाड बसवलं, पण ते वाकडंच बसलं, आणि भाईदासचा उजवा हात कायमचा कोयंड्यासारखा दुमडून राहिला.

पोलीस पाटील म्हणाला, एक तर फौजदाराकडे चल, नाहीतर फौजेचे भरतीवाले आलेत त्यांच्याकडे चल. निघायच्या दिवशी आई बेबाबाईने तोतारामला ओट्यावर उभं केलं आणि त्याचा हात भाईदासच्या डोक्यावर ठेवला.

"आता कोनाही मानसावर हात उचलला, तं हे घर तुहं नई," ती म्हणाली. "बायको माह्यापाशी राहीन. तू येऊ नको."

आत सुमनबाई, त्याची बायको, चुलीकडे तोंड करून उभी होती. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. तोतारामने शपथ घेतली. बेबाबाई एकदा बोलली की बोलली, हे त्याला आईच्या दुधाबरोबर कळलेलं होतं. म्हणजे आता त्याचं घर त्याच्या हातात होतं, अगदी शब्दशः.

त्याला रस्ते बांधणाऱ्या पलटणीत घातलं. तिथे त्याला भडगावकडचा वना भेटला. गिरणाकाठचा, हसरा, बडबड्या, आणि तोतारामच्या रागाची टर उडवणारा जगातला पहिलाच माणूस. मुंबईला त्यांना जहाजात कोंबलं. कुठे नेतायत ते कुणी सांगितलं नाही. खाली पोटात उष्मा, ओकारीचा वास, आणि डाळीत पोहणारे किडे. तिथे रोज मारामाऱ्या होत. एकाने दुसऱ्याचा कान चावून तोडला, एकाला शिडीवरून ढकललं तो उठलाच नाही. तोताराम हात मांडीखाली दाबून बसे. वना म्हणे, "भाऊ, हात काढ बाहेर, मुंग्या यी जातीन."

आणि मग एका सकाळी जहाज थांबलं. वर येऊन पाहतात तर समोर बेट. इवलंसं, एदलाबादच्या शिवाराएवढंही नसेल. काठाला पांढरी वाळू, पाणी काचेसारखं, आणि त्यावर ओणवलेले माड. साहेबाला गोडं पाणी आणि शहाळी भरून घ्यायची होती. माणसं होड्यांतून उतरवली, फांद्या आणि शहाळी तोडायला कोयते वाटले, आणि दुपारी भोंगा होईपर्यंत फिरायची मुभा दिली. इतके दिवस जहाजाच्या पोटात कोंबलेली माणसं जत्रेला आल्यासारखी सुटली. कुणी समुद्रात डुंबलं, कुणी वाळूत लोळलं. बेटावरचे लोक काळेसावळे, कमरेला फडकं गुंडाळलेले; त्यांनी हसून भाजलेले मासे दिले. तोतारामने त्या दिवशी शहाळ्याचं पाणी पिऊन चक्क एक लावणी म्हटली. वनाने नंतर किती दिवस त्याची नक्कल केली.

मग त्याला केळी दिसल्या.

झोपड्यांच्या मागे केळीच केळी, आणि एकीचीही निगा नाही. एकेका आईच्या बुडाशी दहा-बारा पिलं माजलेली, घड मनगटाएवढे. तोतारामच्या कपाळाची शीर उडायला लागली. इतकी काळीभोर माती, इतकं पाणी, आणि हा आळशीपणा.

"हे पाह्य," तो म्हणाला, "याले काय बाग म्हनतात?"

"भाऊ, हाई बठ्ठं आपला बापनं शे का?" वना हसून म्हणाला. "चाल, भोंगा व्हई."

पण तोताराम खाली बसला होता. कोयत्याने एकेक पील जमिनीलगत साफ करत चालला. उपकारच करत होता म्हणा ना. हात किती दिवसांनी ओळखीच्या कामाला लागला होता, त्याला घरच्या मातीचा वास आल्यासारखं झालं. एका झोपडीच्या दाराशी केळीचा एक गड्डा होता. त्यातल्या गुडघाभर उंचीच्या एका पिलाभोवती कुणीतरी पांढरे शिंपले गोल मांडले होते. तोतारामला वाटलं, आळं केलंय पाण्यासाठी. आळं पिलाला करतात का कधी, मूर्ख लेकाचे! त्याने एका घावात ते पील उतरवलं.

झोपडीतून बाई किंचाळत आली. तिच्या हातात मुसळ होतं. तिने ते तोतारामच्या खांद्यावर घातलं, पुन्हा घातलं, आणि मग अचानक टाकून आत पळाली. बाहेर आली तेव्हा तिच्या छातीशी तान्हं मूल होतं. ती त्याच्या नाकाशी कान लावत होती, त्याला हलवत होती, आणि मूल रडायला लागलं तेव्हा तीही रडायला लागली. तोतारामला काही समजेना. एका कोंबासाठी एवढा आकांत? खांदा ठणकत होता, पण त्याने शपथ आठवली, आणि हात खाली ठेवून खुळ्यासारखा हसला.

ते हसणं बाईच्या नवऱ्याने पाहिलं. तो किनाऱ्यावरून धावत आला, हातात वल्हं. पहिला तडाखा तोतारामच्या पाठीत बसला. दुसरा बरगड्यांवर. तोताराम गुडघ्यावर आला, तरी त्याने हात उचलला नाही. वना मध्ये पडला. "ओ भाऊ, सोडी दे त्याले, चुकी झायी," असं तो अहिराणीत त्या बेटावरच्या माणसाला समजावत होता, जणू भडगावच्या बाजारात भांडण सोडवतोय. वल्हं त्याच्या डोक्यात बसलं. वना आडवा झाला आणि त्याच्या कानातून रक्त आलं.

तेव्हा तोतारामचा हात वर गेला.

पहिला घाव वल्ह्यावर बसला आणि वल्हं दुभंगलं. इथे थांबता आलं असतं. त्या माणसाच्या हातात आता लाकडाचा तुकडा होता आणि तो मागे सरत होता. दुसरा घाव खांदा आणि मान यांच्या मधोमध बसला. तो माणूस कापलेल्या पिलांवर पडला. रक्त चिकात मिसळलं. त्याने काही वेळ माती ओरबाडली, मग थांबला. वनासाठी हात उचलला, असं तोतारामने पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण ते खरं नव्हतं. दुसरा घाव घालताना त्याला बरं वाटलं होतं. मांडीखाली दाबलेला हात मोकळा झाल्यासारखं बरं.

पुढचं सगळं धावपळीत झालं. बेटावरचे लोक दगड घेऊन आले, हवालदाराने शिट्टी फुंकली, गोऱ्या सार्जंटने बंदूक चालवली आणि एक म्हातारा वाळूत कोसळला. वनाला ओढत होडीत टाकलं. जहाजाने भोंगा देऊन नांगर उचलला. चौकशी कसली आणि काय. लढाईचे दिवस होते. हवालदाराने तोतारामच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, शाब्बास, साथीदाराला वाचवलंस.

जहाजावर रत्नागिरीकडचा एक म्हातारा खलाशी होता, त्या समुद्रात आयुष्य गेलेला. तोतारामने त्याला त्या शिंपल्यांबद्दल विचारलं.

"तिथे मूल झालं की नाळ पुरतात आणि वर केळीचा कोंब लावतात," तो म्हणाला. "कोंब म्हणजेच मूल. तो तोडला तर मूल मरतं, असं मानतात ते."

नाळ तर आपल्याकडेही पुरतात. तोतारामचीही आपल्या घराच्या परसात पुरलेली होती. आणि बेट दिसेनासं झालं तरी एक गोष्ट तो मनातून काढू शकला नाही. पील जमिनीलगत कापलं तर मरत नाही. आठवड्याभरात त्याच जागेवरून पुन्हा फुटतं. प्रत्येक केळीवाल्याला हे माहीत असतं. दोन बोटं मातीत खुपसून, वर काढून, हे पुन्हा येतं असं दाखवता आलं असतं. भाषा लागली नसती.

वना त्या जखमेतून वाचला नाही. आफ्रिकेचा किनारा दिसायच्या आधी त्याला गोणपाटात गुंडाळून पाण्यात सोडलं. आता बेटावर काय झालं हे घरी सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

सेहेचाळीसला तोताराम परतला. ओट्यावर बेबाबाई उभी होती. तिने आधी पाणी दिलं नाही, आधी विचारलं.

"हात उचलला का रे?"

"नई," तोताराम म्हणाला.

तिने पायावर पाणी घातलं. भाईदासने वाकड्या हाताने त्याला मिठी मारली आणि म्हणाला, "भाऊ, पहिली पाळी तुही." सुमनबाई चुलीशीच होती, पण या वेळी तोंड त्याच्याकडे होतं. इतकं सगळं एका खोट्या शब्दावर मिळालं, आणि तो ते घेत राहिला. गावात लोक म्हणत, फौजेने माणूस सुधारला. कुणी शिवी दिली तरी तो मान खाली घालून जाई. शिवी देणाऱ्यालाच चुकल्यासारखं होई.

पुढच्या साली मुलगी झाली. तोतारामने सुइणीकडून नाळ मागून घेतली. बागेच्या कोपऱ्यातल्या एका गड्ड्याशी ती पुरली, तिथलं एक पील राखलं, आणि पूर्णेच्या पात्रातून पांढरे गोटे आणून त्याभोवती गोल मांडले. सुमनबाईने विचारलं तर म्हणाला, असंच. रोज सकाळी तो आधी त्या पिलाला पाणी घाली आणि मग तोंड धुई.

एक दिवस तो सावद्याला बैल बघायला गेला. परत येताना बागेकडून आला. भाईदास आत होता. थोरल्या भावाची बाग पिलांनी माजलीय, तो आताशा विळा हाती धरत नाही, आपणच करून टाकावी, म्हणून बिचारा सकाळपासून राबत होता. वाकड्या हाताने गड्डा धरायचा आणि डाव्याने कापायचं. पांढरे गोटे त्याने बाजूला नीट रचून ठेवले होते.

"इतले पिलं राखले तं घड कसा भरीन, भाऊ?" तो हसून म्हणाला.

तोतारामने खाली पाहिलं. गोट्यांच्या जागी ओला, गोल, पांढरा काप होता. बांधावर पडलेला कोयता त्याच्या हातात कसा आला ते त्याला कळलं नाही. भाईदासचं हसू विरलं. तो पळाला नाही. त्याने तो वाकडा कोपर तेवढा तोंडावर घेतला. त्याच कोपरावर तोतारामने एकदा घातलं होतंच. कोयता खाली आला आणि भाईदासच्या कानाजवळून शेजारच्या केळीत घुसला. अख्खी केळ घडासकट दोघांच्या मधे कोसळली, पाणी अंगावर उडालं, आणि तोताराम घराकडे पळत सुटला.

पोर झोळीत झोपली होती. त्याने तिला उचललं, नाकाशी कान लावला, हलवलं. ती दचकून रडायला लागली आणि तोही तिथेच खाली बसून रडायला लागला. सुमनबाई धावत आली. मागोमाग धापा टाकत, अंगभर चीक माखलेला भाईदास. बेबाबाई दारात उभी राहिली.

"आई, मी हात उचलला व्हता," तोताराम म्हणाला. "आत्ता नई. तिकडे, बेटावर. मानूस मेला. त्याचं पोरगं एवढंच व्हतं."

बेबाबाईने त्याच्या हातातून नात घेतली आणि सुमनबाईला दिली. मग ती दारातून बाजूला सरली, त्याला बाहेर जायला वाट देण्यासाठी. भाईदास म्हणाला, आई, राहू दे त्याला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तोताराम उठला, उंबऱ्याला हात लावला आणि गेला.

तो बागेतल्या खोपीत राहिला. पुढे आई वारली तेव्हाही तो ओट्याच्या खालीच उभा होता. वर ये म्हणणारी तीच होती आणि तिने म्हटलं नव्हतं. सुमनबाई भाकरी घेऊन येई, बसे, आणि अंधार पडायच्या आत परत जाई. कोपऱ्यातलं पील आठवड्याभरात पुन्हा फुटलं होतं. त्याने गोटे परत गोल मांडले. रोज संध्याकाळी भाईदास पोरीला आपल्या त्या वाकड्या हातात बसवून मळ्यात आणायचा. हात दुमडलेलाच असल्याने तिला तिथे छान बसता यायचं. पोर दोन्ही हात पुढे करी. तोताराम आपले हात मांडीखाली घालून बसे आणि तिला नुसता पाहत राही.