धिंगरीवाल्या मावशींची भीती

मावशींइतकं घाबरणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. वाऱ्याची झुळूक आली तरी त्या पत्र्याच्या खोलीचं दार लावून घ्यायच्या. पुनावळ्यात आमच्या शेजारच्या त्या खोलीत त्या धिंगरी पिकवायच्या. आळिंबीचाच, म्हणजे मशरूमचाच, हा एक प्रकार, शिंपल्यासारखा दिसणारा. आत जायचं तर हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, तोंडाला फडकं बांधायचं. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, चाकणच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आले की त्यांनाही दारातच अडवायच्या.

"कंपनीची धूळ घेऊन कुठं निघालात आत?"

"हिच्यापेक्षा आमचं गेट बरं," काका मला म्हणायचे, "तिथं पास दाखवला की सोडतात तरी!"

मावशी मूळच्या लातूरकडच्या. भाताचा पेंढा गरम पाण्यातून काढून, निथळून, त्यात धिंगरीचं बी मिसळून त्या पिशव्या भरत आणि दोरीला टांगत. काही दिवसांत पेंढ्यावर पांढरे तंतू पसरत. "पेंढा खायली बघ ती. तिचं पोट भरलं की आपलं भरतं," असं त्या सांगायच्या. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते, पण बुरशीलाही भूक असते हे मला बहुधा त्या खोलीतच कळलं.

त्यांना धसका होता तो धिंगरीचा पेंढा बळकावणाऱ्या हिरव्या बुरशीचा. ठिपका दिसला की ती पिशवी न फोडता, ओल्या फडक्यात गुंडाळून लांब नेऊन पुरायची. नंतर अंघोळ केल्याशिवाय खोलीत पाऊल टाकायचं नाही.

एकदा त्या बाजारात गेल्या होत्या. पाणी शिंपडायला किल्ली माझ्याकडे दिली होती. कोपऱ्यातल्या पिशवीवर मला हिरवा ठिपका दिसला. कॉलेजात दाखवायला नमुना मिळेल म्हणून मी तिथेच ब्लेडने पिशवी कापली. हिरवी पूड भुरकन खोलीभर उडाली. पिशवी नेऊन पुरली आणि गप्प राहिले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शिकलेली म्हणून तर मावशींनी किल्ली दिली होती. काय तोंडाने सांगणार?

चार दिवस जेवण गेलं नाही. त्यांचं दार वाजलं की मी पुस्तकात डोकं घालायचे. पाचव्या दिवशी सकाळी त्यांची हाक आली. "अगं माय, इकडं ये की! सगळीकडं हिरवं दिसायलंय!"

तेव्हा मी सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "कापलीस त्याचं काय नाही, लेकरा. मी बी पहिल्यांदा हेच केलतं. पण त्याच दिवशी बोलली असतीस तर शेजारच्या पिशव्या तरी काढल्या असत्या. चार दिवस ती खात बसली ना."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी जवळजवळ सगळी खोली रिकामी केली. काका खड्डा खणत होते. एकही थट्टा केली नाही त्यांनी.

नव्या बियाला पैसे उरले नव्हते; मावशींनी पुन्हा पिशव्या भरल्या नाहीत. पुढच्या महिन्यात काका कंपनीजवळ राहायला गेले आणि त्या गावी निघाल्या. टेम्पोत चढताना माझा हात धरून त्यांनी विचारलं, "पुन्हा असं काही झालं, तर भ्यालीस तरी सांगशील ना?"

भीत भीतच मी हो म्हणाले.