तो नळ मी बंद केला

गेल्या महिन्यात लेकीला सोडायला छत्रपती संभाजीनगरला गेले होते. केतकीला वाळूजच्या एका कंपनीत पहिली नोकरी लागली... आणि आम्ही पडलो चिपळूणचे. या शहरात ओळखीचं एक माणूस नाही.

सकाळी ती जॉइन व्हायला गेली. जाताना बजावून गेली, "आई, दर अर्ध्या तासानं फोन करू नकोस. मस्त शहर बघ." माझी परतीची गाडी संध्याकाळी होती. म्हणजे अख्खा दिवस मोकळा!

छावणी भागात तिच्यासाठी घेतलेल्या खोलीत मी जेमतेम दहा मिनिटं बसले. तेवढ्यात दाराची कडी तीनदा लावून बघितली. मग चपला घातल्या आणि निघाले.

पाणचक्कीला गेले. लोक झाडाखाली निवांत बसले होते, हौदातल्या माशांकडे बघत होते. मी पण बसले... पण मन कुठलं थाऱ्यावर! माशांपेक्षा मोबाईलच जास्त बघितला, आणि पाच मिनिटांत उठले.

तिथून भडकल गेट. एवढा देखणा दरवाजा, आणि मी त्याखाली उभी राहून काय बघत होते, तर इथे रस्त्यावर दिवे आहेत का! पुढे गल्ल्यांमध्ये शिरले. प्रत्येक रिक्षावाल्याकडे, प्रत्येक पानटपरीकडे संशयानं बघत चालले होते. बिचारे आपापली कामं करत होते.

अशाच एका गल्लीत एका निळ्या दाराबाहेर जमिनीलगत नळ दिसला. त्याला लावलेला पाइप घरात गेला होता. पण जोडावरून पाणी गळत होतं आणि ते गटारात चाललं होतं. मी "कुणी आहे का?" म्हणून हाक मारली. उत्तर नाही.

आता, मी कशी आहे ते माझ्या मैत्रिणींना माहीत आहे. एसटी स्टँड असो की लग्नाचा हॉल, वाहता नळ दिसला की माझा हात आपोआप जातो. केला बंद. सकाळपासून पहिल्यांदा जरा बरं वाटलं, आणि मी ऐटीत पुढे गेले.

साधारण अर्ध्या-पाऊण तासानं लक्षात आलं, की मी रस्ता चुकून परत त्याच गल्लीत आले आहे. निळ्या दारापाशी पाच-सहा बायका जमल्या होत्या आणि आवाज चढले होते. मी थांबून ऐकायला लागले.

त्या भागात नळाला पाणी सहा-सात दिवसांनी येतं. तेही तासभर. निळ्या दारातल्या नसीमभाभी पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडून मागं भांडी भरायच्या तयारीला लागल्या होत्या. येऊन बघतात तर टाकी रिकामी, नळ बंद... आणि आता पाणीही गेलेलं. आता पुढचं पाणी थेट पुढच्या आठवड्यात.

त्यांचा संशय होता समोरच्या काकूंवर. जुनं काहीतरी असावं दोघींचं. काकू शपथा घेत होत्या, की मी नळाला हात नाही लावला.

मला तिथं कुणी ओळखत नव्हतं. सरळ पुढे निघून गेले असते तर कुणाला कळलंही नसतं. खरं सांगते, दोन पावलं टाकलीसुद्धा... पण काकूंचा रडवेला चेहरा बघवेना. मागं फिरले आणि म्हणाले, "तो नळ मी बंद केला."

नसीमभाभींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ओ ताई, तुमच्या गावाला पाणी लई दिसतंय."

मग त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं, आणि ते बरोबरच होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि एकदम रडूच फुटलं. सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं त्या नळाच्या निमित्तानं बाहेर आलं... केतकी, तिची खोली, ती कडी, सगळं.

त्यानंतर कुणी कुणाला काही सांगितलं नाही. पण पहिला हंडा आला तो समोरच्या काकूंच्या घरातून. मग गल्लीतल्या प्रत्येक घरातून दोन-दोन. एखाद्याचं पाणी चुकलं की तिथं असंच करतात म्हणे. मीही ओढणी कमरेला खोचली आणि हंडे वाहिले. खांदे भरून आले, पण सकाळपासून पहिल्यांदाच तासभर मोबाईल बघितला नव्हता.

टाकी अर्धी भरल्यावर नसीमभाभींनी चहा टाकला. समोरच्या काकूंनाही हाक गेली. पोरगी कुठं राहते, कुठं कामाला लागली, सगळं विचारून झाल्यावर भाभींनी केतकीचा नंबर मागितला.

"तिला आधी नळाचं शिकवते," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर गेली असंल तर अवघड हाय."

संध्याकाळी मी गाडीत बसले. रडले, पण गल्लीतल्यासारखी नाही.

गेल्या रविवारी केतकीला फोन केला. उचलला, पण मागं नुसता गोंगाट. "आई, मी भाभींकडे आहे. पाणी आलंय, ठेवते!" एवढंच म्हणाली. फोन बंद व्हायच्या आधी मागून ओळखीचा आवाज आला, "केतकी, पाइप सोडू नको, तिथंच उभी राहा."

मी फोन ठेवला. आणि दर अर्ध्या तासानं फोन करणाऱ्या मी त्या दिवशी लेकीला परत फोन केला नाही.