पडद्याआडची दोन मिनिटं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. तुम्हाला सांगते — पण आधी थोडी फुशारकी मारू द्या, कारण ती खरी आहे.

वारंगा फाट्याजवळच्या आमच्या गावात मी अंगणवाडी चालवायचे. दोन हजार सालानंतरची गोष्ट. शाळेच्या खोलीत बायकांच्या तपासणीचं दोन दिवसांचं शिबिर लागलं. डॉक्टरीणबाई गर्भपिशवीच्या तोंडाला पातळ औषध लावणार; पांढरा डाग उमटला तर तिथं पुढे कॅन्सर होऊ शकतो, म्हणून तो आधीच काढून टाकायचा. एवढंच. पण पडद्याआड लुगडं वर करायचं म्हटल्यावर कोण येणार? शेजारच्या गावात दहाजणीही जमल्या नव्हत्या. माझ्या गावातून एक्केचाळीस आल्या! एकेकीच्या चुलीपाशी बसून आणल्या मी.

पहिल्या दिवशी मात्र कुणीच फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कोंडाबाईला गाठलं. हळद काढणाऱ्या बायकांच्या टोळीची ती मुकादम. ती उठली की सगळ्या उठायच्या. हळदीच्या ढिगापाशी तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तुमी केली का तपासनी? बराबर सांगा."

"केली की, कालच. दोन मिनिटाचं काम. मुंगी चावल्याइतकी बी तकलीफ न्हाई."

कोंडाबाईनं पदर खोचला आणि टोळी घेऊन निघाली. नेमका तिलाच डाग निघाला. नांदेडला उपचार झाले, आणि ती आजही ठणठणीत आहे, सुनांवर ओरडते. तिला पाहिलं की माझी छाती फुगते. का फुगू नये?

पण — मी तपासणी केलेली नव्हती.

कुटुंबनियोजनावर गावभर बिनदिक्कत बोलणारी मी, आदल्या दिवशी पडद्यापर्यंत गेले आणि परत फिरले. लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली — मलाच डाग निघाला तर?

ज्यांना माझी थाप खरी वाटली, त्यांचं भलंच झालं. एकीला मात्र ती थाप आहे हे माहीत होतं. शांता — अंगणवाडीतली माझी मदतनीस, माझ्याच वयाची. मी परत फिरले तेव्हा ती दारात उभी होती. कोंडाबाईशी खोटं बोलले तेव्हाही शेजारीच होती. शिबिराची जीप निघायच्या आधी मी तिला म्हटलं, तूही करून घे. ती हसली. "तुमी न्हाई केली, मंग मी काहून करू?"

चल, दोघी जाऊ — एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. ती बेचाळिसावी झाली असती, मी त्रेचाळिसावी.

चार वर्षांनी शांताच्या अंगावरून रक्त जायला लागलं. थांबेना. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, फार उशीर झालाय. कोंडाबाई तिच्या उशाशी बसून माझं कौतुक करायची — बाईनं आधी सोतावर करून घेतली, मग आमाला नेलं. शांता ऐकून घ्यायची आणि माझ्याकडे बघायची. शेवटपर्यंत तिनं कुणाला काही सांगितलं नाही.

ती गेल्यावर, पुढच्या शिबिरात, मी पडद्याआड गेले. दोनच मिनिटं लागली. मुंगी चावल्याइतकीही तकलीफ झाली नाही.