पोटाचं मशीन आणि आईचा खुराक

मंडळी, आज सकाळी लेकानं पाठवलेल्या पोट कमी करायच्या मशीनवर आडवा झालो. डोळे मिटले आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या उंब्रजच्या अंगणात पोचलो.

माझे वडील, आबा, फौजेतून रजेवर आले होते. साहेबांनी बजावलं होतं, "पोट कमी करूनच परत ये." म्हणून आबांनी स्प्रिंगचं एक यंत्र आणलं होतं. ते पायांत अडकवून रोज पहाटे उठायचे, निजायचे. स्प्रिंग करकरायची आणि मी गोधडीत अर्धवट झोपेत आकडे मोजायचो.

पन्नास झाले की आई दुधाचा तांब्या घेऊन हजर. त्यात तूप आणि बदाम.

"आगं, पोट कमी करायचंय मला!"

"व्हय, पर मेहनत केल्यावर खुराक नको? पैलवान काय उपाशी ऱ्हात्यात?"

पैलवानांचाच मुलूख तो. आबा तांब्या रिकामा करायचे.

रजा संपली तेव्हा आतले स्नायू लय घट्ट झाले होते. वरची चरबी मात्र जागची हलली नव्हती. पट्टा एक भोक सैल करावा लागला.

आज वीस झाल्यावर मी डोळे न उघडताच हात पुढे केला. हातात काहीच आलं नाही.

मंडळी, तुम्हाला खुराक कोण द्यायचं हो?

माझं पोट या वेळी नक्की कमी होईल. त्याचंच जरा वाईट वाटतंय.