नानांचं नाव यादीतून काढताना

आज मी नानांना बंद केलं.

म्हणजे कॉलेजच्या प्रिंटिंग सिस्टीममधलं त्यांचं नाव. कुणी ऑफिस सोडलं की अकाउंट त्याच दिवशी बंद करायचं, हा नियम मीच लिहिलेला. नाना देवाघरी जाऊन तेरा दिवस झाले.
हात धजावत नव्हता.

नाना आमचे हेडक्लार्क. रोज देवळालीहून मोटरसायकलवर यायचे.
मी आयटी असिस्टंट. कंत्राटी, सहा महिन्यांची. आईबाबा ऊसतोडीला जातात, घरात ग्रॅज्युएट झालेली मी पहिली. हे ऑफिस बदलून दाखवायचंच, असं डोक्यात होतं.

पहिल्याच महिन्यात टेबलांवरचे जुने प्रिंटर उचलले. पॅसेजमध्ये तीन मोठी मशिन्स लावून सगळे कॉम्प्युटर त्यांना जोडले. मशीनवर आपली पिन टाकायची, मग कागद बाहेर येतो.

नाना आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शिपाईमामांकडून निरोप यायचा, "त्या इंजिनिअरबाईंना सांगा, आमचा कागद सकाळीच निघालाय, अजून पोचला न्हाई."

कागद वाचावा म्हणून मी सगळ्यांनाच दोन्ही बाजूंनी प्रिंट लावून दिली. कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नानांनी चाळीस मुलांचे दाखले काढले.
एकाच्या पाठीवर दुसऱ्याचा.
जाड कागद संपलेला, बाहेर पालक ताटकळलेले.

हे कुणी केलं, असं प्राचार्यांनी विचारलं. माझी नोकरी गेलीच, असं मला वाटलं.

नाना म्हणाले, "माझंच चुकलं, सर. पहिला कागद बघायला पायजे हुता."

बाहेर येऊन मी रडले. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.
"मशीन तुला येतं गं. आमचं काम येत न्हाई. चार दिवस माझ्या टेबलाशी बस."

बसले. कोण काय छापतं, सही कुठे लागते, कुठला कागद पाठकोराच राहायला हवा, सगळं वहीत लिहिलं. मग दाखल्यांसाठी वेगळं सेटिंग केलं. एकच बाजू, जाड कागद.

पहिला दाखला नानांनी खिडकीशी नेऊन उलटसुलट बघितला. मला काही बोलले नाहीत. बाकी ऑफिसभर सांगत सुटले, "आमच्या पोरीनं बसवलंय."

पिन मात्र रोज विसरायचे.
मी म्हणायचे, नाना, पिन दुसऱ्याला सांगायची नसते.
"सांगतोय कुठं? तुला विचारतोय."

तेव्हापासून काहीही बदलायचं झालं, की मी आधी नानांच्या टेबलाशी जायचे. ते चष्मा कपाळावर ढकलायचे आणि म्हणायचे, बस, सांग.

आज प्राचार्य सरांनी प्रिंटिंगच्या चालू अकाउंटची यादी मागितली. दुपारी मी नाव बंद केलं. मग उगाच त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले.

तुम्हाला न विचारता केलं, नाना.
विचारायला कुणी नव्हतं.

शेवटचा नमस्कार.