खैऱ्याचं पथ्य

आर्णीत विमलताईंचं घर शोधायचं असेल तर आडनाव विचारायची गरज नाही. 'कासववाल्या बाई' म्हटलं की ऑटोवाला मान हलवून थेट दारात आणून सोडतो. ही ओळख त्यांनी मागितली नव्हती. तशी त्यांनी जन्मात फारशी कुठलीच गोष्ट मागितलेली नाही. जे दारात येईल ते आत घ्यायचं आणि त्याच्या खाण्यापिण्याचं बघायचं, एवढंच त्यांना येतं. मी दीपमाला, त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते, ब्लाउज शिवते आणि गल्लीत फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. तेव्हा काही गोड करून सांगायचा प्रश्नच नाही.

कासव आणलं त्यांच्या मुलानं, नयननं. नयन पुण्याला कंपनीत आहे. हौसेनं घेतलं तेव्हा ते साबणाच्या वडीएवढं होतं म्हणे. आपल्याकडचं कासव पाळणं हा गुन्हा आहे, पण हे आफ्रिकेकडचं, आणि त्याची परवानगी नयननं रीतसर काढली होती. फक्त ते वाढून केवढं होईल हे विचारायचं राहून गेलं. कासव वाढलं, टीपॉय ढकलत घरभर फिरू लागलं, बाल्कनीचं दार त्यानं धडका देऊन मोडलं. मग सूनबाई दिपालीनं सांगितलं की या फ्लॅटात एक तर हे राहील नाही तर मी. नयननं गाडीच्या मागच्या सीटवर प्लास्टिक अंथरलं आणि कासव आईच्या अंगणात आणून सोडलं. "याचं काही करावं लागत नाही गं आई, गवत खातं आणि पडून राहतं," असं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेला. 'काही करावं लागत नाही' असं म्हणणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो. पण विमलताईंनी त्याला वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या.

त्या घरात आधीच एक आजारी माणूस होता. विमलताईंचे यजमान वामनराव. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, त्यात साखर. शेत मक्त्यानं दिलं, बैलजोडी विकली. वामनराव म्हणजे एकेकाळी शंकरपटात बैल पळवणारा माणूस. दावणीचे बैल गेले त्या दिवशी जे भिंतीकडे तोंड करून झोपले ते उठायचंच नाव घेईनात. डॉक्टर सांगायचे, चाला, नाही तर पाय कायमचा जाईल. विमलताई हाताला धरायच्या, हे हात झटकून टाकायचे. जेवायचं ताट खाटेवर, बाकी सगळं खाटेवर. विमलताईंच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत एक राखेचा रंग आला होता.

कासव आलं आणि दोन-तीन दिवसांनी वामनराव काठी टेकत अंगणात आले. बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "खैरा हाये." त्यांचा सगळ्यात लाडका बैल याच तांबूस-मातकट रंगाचा होता, त्याचं नाव खैऱ्या. झालं, कासवाचं नाव खैऱ्या पडलं. दुसऱ्या दिवसापासून वामनराव सकाळी आपणहून उठायला लागले. विमलताई भिंतीवरून मला म्हणाल्या, "दीपमाला, ते आपल्या पायानं न्हानीत चालत गेले व." त्यांचे डोळे भरून आले होते. ते कासव त्यांच्यासाठी काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. खैऱ्या होता म्हणून नवरा उठत होता.

म्हणूनच पुढे जे झालं त्याला त्यांनी आडकाठी केली नाही. नयन फोनवर सांगायचा, फक्त गवत द्या. वामनराव हसायचे. "गवतावर कोन्ता बैल वखर वढते? ढेप पायजे, ढेप." बाजारातून सरकीची ढेप, म्हणजे पेंड, आली, तुरीची चुनी आली. डाव्या हातानं घमेल्यात भिजवून ते खैऱ्यापुढे ठेवायचे आणि तो मान लांब करून हावरटासारखा खायचा. विमलताई एकदा-दोनदा म्हणाल्या, "अवो, नयन नाई म्हनून राह्यला." उत्तर आलं, "नयननं कधी जनावर पोसलं काय?" घमेलं उचलायचं म्हणून हा माणूस चालतो आहे, मग नसतं बोलून कशाला बिघडवायचं, असा त्यांनी विचार केला असणार. मीही तोच केला असता.

खैऱ्या झपाट्यानं वाढला. पाठीवरची एकेक चौकट वर आली, टेकडीसारखी. गल्लीतल्या हंसाबाई येऊन त्यावर हळद-कुंकू वाहून गेल्या. काय तेज आलंय, म्हणाल्या. वामनरावांची मान ताठ झाली. ते तेज नाही, दुखणं आहे, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मग पोळा आला. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायची आमच्याकडे रीत आहे. वर्षभर जू ओढून दुखावलेले खांदे. लोण्यात हळद कालवायची, पळसाचं पान गरम करायचं, त्यानं खांदा शेकायचा आणि बैलाला दुसऱ्या दिवशीचं जेवणाचं आमंत्रण द्यायचं. वामनरावांनी हे सगळं खैऱ्याचं केलं. त्याच्या जाड पुढच्या पायांना लोणी चोळलं आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याच्या दिवशी त्याला पुरणाच्या पोळ्या चारल्या, हरभऱ्याच्या डाळीचं पुरण, वर तुपाची धार. स्वतःला साखर आहे म्हणून ताटात पोळी नव्हती, तर आपल्या वाटचीही त्याला घातली. बघायला छान वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर खैऱ्यानं खाणं सोडलं. मागचे पाय फरफटायला लागला, मग एका जागी बसला तो बसलाच. मान आत. विमलताईंनी मालवाहू ऑटो ठरवला. वामनराव हट्टानं त्याच्याशेजारी पोत्यावर बसले, मी आणि विमलताई पुढे, अशी आमची वरात यवतमाळला गेली. तिथल्या जनावरांच्या डॉक्टर, वर्षा मॅडम, तरुण पोरगी. तिनं एक्स-रे फोटो काढला, नागपूरच्या कोणा ओळखीच्या डॉक्टरशी फोनवर बोलली आणि मग आम्हाला समोर बसवलं. मूत्राशयात खडा झालाय, म्हणाली. हा कोरड्या माळावरचा प्राणी, गवतावर जगणारा. त्याला ढेप, डाळ पचत नाही. त्यात पाणी कमी पडलं की आतलं सगळं साकळून त्याचा दगड होतो. पाठीवरचे उंचवटेही त्या खाण्याचेच, आणि ते आता जन्मभर तसेच राहणार. खडा अजून लहान आहे, रोज हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात बसवा, नुसतं गवत द्या, ऊन मिळू द्या, अंगाला लोणी-तेल चोळू नका. पडला तर पडला, नाही तर चिरावं लागेल, आणि त्यात वाचेलच असं नाही.

वामनराव सगळं ऐकत होते. "म्हंजे म्याच मारून राह्यलो याले," एवढंच बोलले. घरी आल्यावर खाटेवर पडले, तोंड भिंतीकडे.

रात्री जेवणं झाल्यावर नयनचा फोन आला. त्याचं म्हणणं, एखाद्या संस्थेला देऊन टाकू, तू दोघांचं कसं करशील? विमलताई नुसत्या हं हं करत राहिल्या. सकाळी भिंतीशी आल्या तेव्हा म्हणाल्या, "मी थकली व दीपमाला. खरं सांगू, देऊन टाकावं असंच मले वाटते. पन थो गेला त हे काई उठत नाई आता." मी त्यांना चहा करून दिला.

कासव दिलं नाही. तिथून त्यांचे जे दिवस सुरू झाले ते बघून मलाच दमल्यासारखं व्हायचं. पहाटे उठून वामनरावांची ज्वारीची भाकर, मेथीची भाजी, गोळ्या. मग विळा घेऊन गवताला. पावसाळ्यात गवत पाहावं तिकडे असतं, पण शेतांच्या बांधावरचं सगळं फवारणीत भिजलेलं, ते चालत नाही. बाई अरुणावती नदीच्या काठापर्यंत जायच्या आणि भारा डोक्यावर घेऊन यायच्या. मग पाणी तापवायचं, टप भरायचा आणि ते धूड उचलून टपात ठेवायचं. अर्ध्या पोत्याहून जड, आणि ऐन उचलताना पाय झाडतं. मी घरी असले तर एका बाजूनं धरायची. नसले तर त्या एकट्या उचलायच्या. खैऱ्याला आता ढेपेची चटक लागलेली, गवताला तोंड लावेना. कधी जास्वंदीची पानं, कधी नागफणीचा काटे काढलेला तुकडा, असं लहान लेकराला भरवावं तसं समोर धरून बसायच्या. आत वामनराव भाकरीला तोंड वाकडं करायचे. एका घरात दोन पथ्यवाले, आणि दोघंही रुसलेले.

थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी टपाशी वाकल्या आणि त्यांचा उजवा हात वर येईना. खांद्यातून कळ आली. त्या तशाच ओल्या फरशीवर बसल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. शेजारी खैऱ्या, समोर वाफा येणारा टप. मी भिंतीवरून हाक मारली, "ताई, काय झालं?" तर म्हणाल्या, "काई नाई. आता नाई होत माह्याच्यानं." त्या कोणाला ऐकू जावं म्हणून बोलल्या नव्हत्या. पण वामनरावांच्या खाटेजवळची खिडकी उघडी होती.

जरा वेळानं काठीचा आवाज आला. वामनराव दारात उभे. त्यांनी बायकोकडे पाहिलं, टपाकडे पाहिलं. "उचलाचं कायले?" म्हणाले. "जनावर पान्यावर आपल्या पायानं गेलं पायजे." आणि भिंतीशी पडलेली कुदळ डाव्या हातानं ओढत आणली. अंगण एका बाजूनं उतरतं खणून त्यांनी डबकं करायला घेतलं. एका हातानं, थोडं खणायचं, धापा टाकत बसायचं, पुन्हा खणायचं. मला ते बघवत नव्हतं, पण विमलताईंनी मला खुणेनं थांबवलं. डबकं तयार झालं तेव्हा त्यात जाड ताडपत्री घातली, वर वाळू पसरली. कोमट पाणी ओतलं आणि खैऱ्या, अर्धा घसरत अर्धा फरफटत, स्वतः आत उतरला. त्या दिवसापासून पाणी ओतायचं काम वामनरावांचं. लहान बादली, डावा हात, हळूहळू. ढेपेचं उरलेलं पोतं त्यांनीच गवळ्याला देऊन टाकलं.

थंडीत दिवा लावून, गोणपाट टाकून कासव जगवलं. उन्हाळ्यात नदीकाठ करपला तेव्हा वाळकं गवत भिजवून दिलं. खडा पडला तो एका कडक दुपारी. डबक्याच्या तळाशी पांढरा, खरखरीत, हरभऱ्याएवढा. वामनराव तो तळहातावर घेऊन मला दाखवायला भिंतीपर्यंत आले. भिंतीपर्यंत, आणि काठी मागे विसरून. मी त्यांना तसं सांगितलं नाही, लक्षात आलं असतं तर तिथंच पडले असते.

सगळं बरं झालं असं म्हणता येत नाही. खैऱ्याच्या पाठीवरच्या टेकड्या तशाच आहेत. चालतो, पण मागचा एक पाय ओढतो. वामनरावही तसेच चालतात. आणि विमलताईंचा खांदा गेला तो गेलाच. या पोळ्याला नवा ब्लाउज शिवायचा म्हणून मी माप घ्यायला गेले. "ताई, उजवा खांदा पार उतरला की तुमचा. हात वर करा बरं." हात कानापर्यंतसुद्धा गेला नाही. "राहू दे व, ढिला शिव," म्हणाल्या. वामनराव दारात बसून गवतातलं गाजरगवत निवडत होते. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मला तेव्हा त्यांचा संतापच आला. बैलांचे खांदे जपणारा हा माणूस, घरातला खांदा त्याला कधी दिसला नाही, असं मनात म्हणत मी घरी आले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ब्लाउज द्यायला गेले. अंगणात चूल पेटवलेली, तव्यावर पळसाचं पान, बाजूला वाटीत हळद घातलेलं लोणी. माझं डोकंच फिरलं. "भाऊ, पुन्हा? त्याला नाही लावायचं म्हणून सांगितलंय ना डॉक्टरांनी!"

"त्याच्यासाठी नाई हे," वामनराव म्हणाले.

खैऱ्या तिकडे जास्वंदीखाली निवांत चरत होता. विमलताई पायरीवर बसल्या होत्या, पाठ नवऱ्याकडे, पदर खाली घेतलेला. त्यांनी मला पाहिलं आणि लाजल्या, पण उठल्या नाहीत. वामनरावांनी डाव्या हातानं त्यांच्या उजव्या खांद्याला लोणी चोळलं. मग गरम पान त्यावर दाबून धरलं. खाली बघत, पुटपुटल्यासारखं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

ब्लाउज हातात घेऊन मी तशीच उभी राहिले.

विमलताईंनी डोळे मिटले होते. डोळे न उघडताच म्हणाल्या, "आवतन त देल्लं. पन उद्याचा सयपाक कोन करन?"

वामनरावांनी पान पुन्हा तव्यावर ठेवलं, गरम होऊ दिलं आणि परत खांद्यावर धरलं.