सोफ्यावर बसून केलेली चौकशी

आमच्या गल्लीतले सोफेवाले काका अकरा वर्षं चर्चच्या मदत समितीवर होते, आणि ती अकरा वर्षं त्यांनी लोकांची गरिबी बसून तपासली. कुणी मदतीचा अर्ज केला की फादर त्यांना चौकशीला पाठवत. काका घरात शिरत, पाणी नको म्हणत आणि त्यातल्या त्यात बऱ्या खुर्चीवर बसत. मग किंचित डावीकडे कलत, किंचित उजवीकडे. स्प्रिंग कुरकुरली तर घर गरीब, किराण्याचं पूर्ण खोकं. गप्प राहिली तर अर्धं. माणूस रडून दाखवतो, स्प्रिंग खोटं बोलत नाही, हे त्यांचं शास्त्र. समितीत त्याला कुणी हरकत घेतली नाही, कारण घेणाऱ्याला चौकशीला स्वतः जावं लागलं असतं.

पुढे गल्लीतले बहुतेक जण जिथे कामाला होते, तो कारखाना बंद पडला. ज्यांच्या घरात चूल पेटायची पंचाईत, ते सोफा कशाला शिवून घेतील? काकांच्या दुकानात तीन महिने साधी उशी आली नाही. शेवटी काकूंनीच फादरांकडे अर्ज दिला आणि काकांना नंतर सांगितलं.

"चौकशीला कोण येणार?" काकांनी विचारलं.

"इस्त्रीवाल्या बाई. त्या आता समितीवर आहेत."

काका आपल्या सोफ्याकडे बघत राहिले. तो त्यांच्या हयातीतला सगळ्यात उत्तम सोफा. त्यावर टेकलेल्या पाहुण्याला उठवायला चहा संपल्याचं दोनदा सांगावं लागे.

"यावर बसल्या तर अर्धंच खोकं," काका म्हणाले.

"मग काढा स्प्रिंगा. पीठ दोन दिवसांचं उरलंय. तुमची कला भाजून वाढू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्वतःचे दात उपटावेत तसं तोंड करून सात स्प्रिंगा काढल्या. दुपारी बाई आल्या, पाणी प्यायल्या, सोफ्यावर बसल्या आणि गुडघे हनुवटीला टेकेपर्यंत खाली गेल्या.

"कुणा अडाण्यानं केलाय वाटतं," त्या खालून म्हणाल्या.

काकूंनी काकांच्या पायावर पाय दिला. काकांनी थोडा वेळ तग धरला.

"अडाण्यानं नाही, मी केलाय. चोवीस स्प्रिंगा होत्या. सात पलंगाखाली आहेत. आणून दाखवू?"

"गेलं खोकं," काकू भिंतीला म्हणाल्या.

बाई हसल्या नाहीत. "काका, दोन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्याकडे आला होतात. आठवतं?"

"आठवतं ना. हातांची खुर्ची. स्प्रिंग टणक होती. अर्धं खोकं."

"ती खुर्ची त्याच्या आदल्या वर्षी तुम्हीच दुरुस्त केली होती. वीस वर्षं हूं की चूं करणार नाही म्हणालात. तुमचं काम चांगलं निघालं, म्हणून माझी पोरं अर्ध्या पिठावर राहिली."

काका बसायला जागा शोधू लागले. पण घरातला एकुलता एक सोफा बाईंनी अडवला होता, आणि त्यातून त्या लवकर निघतील अशी चिन्हं नव्हती.

"मग आता आमचंही अर्धंच लिहा. नियमाला धरून होईल," काका म्हणाले.

"तो तुमचा नियम. मी डबे बघते."

काकूंनी त्यांना दोन्ही हातांनी ओढून वर काढलं. दोघी स्वयंपाकघरात गेल्या. झाकणं उघडल्या-मिटल्याचा आवाज आला. तो फार वेळ चालला नाही. बाहेर येऊन बाईंनी कागदावर एकच शब्द लिहिला, "पूर्ण", आणि काकूंना तेवढा दाखवून निघून गेल्या.

शनिवारी खोकं आलं. काकांनी ते जमिनीवर उपडं केलं, दोन वाटे केले आणि एक पिशवीत भरला. काकू कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्या फक्त एकदा खाली वाकल्या.

इस्त्रीवाल्या बाईंच्या दारात काकांनी पिशवी पुढे केली. "दोन वर्षं उशीर झालाय. पण तुमचं अर्धं राहिलं होतं."

असू द्या, कशाला, असलं काही बाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी इस्त्री उभी केली आणि पिशवीतली एकेक वस्तू टेबलावर मांडली. पीठ, तांदूळ, तेल, साबण. मग पिशवी उलटी करून झटकली.

"साखर?"

"ती तुमच्या काकूंनी परत काढून घेतली."

"शहाणी बाई आहे," असं म्हणून त्या पिठाचा डबा आणायला आत गेल्या.